जिभेच्या व्यायामाने घोरणं जातं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी पत्रं आणि मेल बहुतेक एकाच विषयावर आलेत. जीभ बाहेर काढून, गाल फुगवून करायच्या व्यायामांचे व्हिडिओ व्हॉट्सॅपवर फिरतायत, 'पंधरा दिवसांत घोरणं बंद, मशिनला रामराम' असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि सगळ्यांना विचारायचंय की हे खरं आहे का. मी स्पीच थेरपिस्ट आहे, हे व्यायाम शिकवणं माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे मनापासून सांगते, व्यायामात दम आहे. पण त्या व्हिडिओत जे सांगत नाहीत तेच जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून उत्तरं थोडी लांबतील.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ५२. आडवे झाले की घोरणं सुरू, मध्येच एकदम शांत होतं, मला वाटतं चला लागली एकदाची झोप, आणि तेवढ्यात गुदमरल्यासारखा आवाज करून दचकतात. स्लीप स्टडी केली, एएचआय १९ आला, डॉक्टरांनी सीपॅप मशिन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाचा रस्ता उघडा ठेवणारं) सांगितलंय. हे म्हणतात नाकाला नळी लावून मी झोपणार नाही, आयसीयूत असल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा व्यायाम करतो. चालेल का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही आधी टेस्ट करून घेतलीत हे फार बरं केलंत, कारण बाकीच्या बऱ्याच पत्रांत टेस्टचा पत्ताच नाही आणि थेट उपाय विचारलाय.

एएचआय १९ म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी १९ वेळा त्यांचा श्वास एकतर पूर्ण थांबतो नाहीतर खूपच कमी होतो, आणि दर वेळी निदान १० सेकंद तरी. ५ ते १५ असेल तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र असं धरतात, म्हणजे तुमचे मिस्टर मध्यममध्ये आहेत. तुम्हाला जी शांतता वाटते ना, त्याच वेळी श्वास अडकलेला असतो, आणि ते दचकतात तेव्हा तो सुटतो. यालाच स्लीप अॅप्निया म्हणतात.

होतं काय, तर जागेपणी जिभेचा मोठा स्नायू सतत थोडासा ताणलेला असतो आणि जीभ पुढे धरून ठेवतो. झोप लागली की तो ढिला पडतो, स्वप्नं पडतात त्या झोपेत तर आणखीच, मग जीभ मागे सरकते, टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ लोंबायला लागते. त्या जागी घशाला हाडाचा भक्कम आधार नसतो, त्यामुळे भिजून मऊ झालेल्या कागदी स्ट्रॉने जोरात ओढलं की ती आतल्या आत चिकटते तसा तो रस्ता बंद होतो. ऑक्सिजन उतरतो, मेंदू झोप अर्धवट मोडतो, माणूस श्वास घेतो आणि परत झोपतो, सकाळी यातलं काहीही आठवत नाही. पण रात्रभर हे चाललं की बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, दिवसा पेंग येते, चिडचिड होते.

आता व्यायामाचं. रस्ता बंद होण्यात स्नायूंचा हात आहे, तर तेच स्नायू तयार केले तर काय होईल, हे २००९ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोला नीट तपासून बघितलं. ३१ पेशंट होते, सगळे मध्यम गटातले, म्हणजे तुमच्या मिस्टरांसारखेच. निम्म्यांना जीभ, टाळू आणि गालाचे व्यायाम दिले, रोज साधारण अर्धा तास, आणि आठवड्यातून एकदा थेरपिस्टसमोर. बाकीच्यांना नुसते दीर्घ श्वास आणि नाक धुणं. तीन महिन्यांनी व्यायामवाल्यांचा एएचआय सरासरी २२ वरून १४ च्या आसपास आला, मानेचा घेर साधारण एक सेंटीमीटरने कमी झाला, आणि वजन मात्र होतं तेवढंच होतं. दुसऱ्या गटात अशी सुधारणा झाली नाही.

हे आकडे बघून मला स्वतःला आनंदच होतो, पण नीट बघा, २२ चे १४ झाले, शून्य नाही झाले. मध्यमवरून सौम्यवर आले. पुढे २०१५ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही मोठ्यांमध्ये एएचआय साधारण निम्म्यावर येतो असंच दिसलं, तेही अभ्यास छोटे छोटे होते. त्यामुळे मिस्टरांना सांगा की व्यायाम जरूर करा पण डॉक्टरांना सांगून करा, त्यांना अंधारात ठेवून नको. बीपी आधीच असेल, ऑक्सिजन फार खाली जात असेल तर डॉक्टर मशिनचाच आग्रह धरतील आणि तो बरोबर आहे. तसं नसेल आणि मशिनला ठाम नकारच असेल तर व्यायाम, थोडं वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू बंद, हे सगळं एकत्र तीन महिने नेटाने करून परत टेस्ट, ही वाट मोकळी आहे. काहीच न करता बसणं ही वाट नाही.

आणि एक, आयसीयूसारखं वाटतं हे मी रोज ऐकते. सीपॅप १९८० च्या सुमारास सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी बनवलं तेव्हा ते खरंच बोजड होतं, आताचं मशिन उशाशी डब्याएवढं असतं, आवाज फार कमी, आणि मास्कही नाकपुड्यांपुरते छोटे मिळतात. एकच मास्क लावून बघून नाही म्हणू नका, दोन-तीन प्रकार लावून बघायला मागा. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसायचं, असं सुरू केलं की पुष्कळांची भीती जाते.

प्रश्न : व्यायाम नेमके कोणते? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं काहीतरी दाखवतो. मी ३४ वर्षांचा आहे, आयटीत आहे, टेस्टमध्ये सौम्य निघालं. ऑफिसला जाताना गाडीत केले तर चालतील का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे

उत्तर : गाडीत नको दादा, एक तर लक्ष रस्त्यावर हवं आणि दुसरं म्हणजे हे आरशासमोर करायचे असतात. जीभ नेमकी कुठे चाललीय हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच वेगळं असतं, सुरुवातीला तर हमखास.

ज्यांच्यावर अभ्यास झालाय तेच सांगते. पहिला, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकवायचं आणि टाळूवरून घासत घासत मागे न्यायचं, जेवढं जाईल तेवढं, मग सोडून परत पुढून. २० वेळा. दुसरा, अख्खी जीभ टाळूला चिकटवून वर ओढून धरायची, नुसतं टोक नाही, पूर्ण जीभ, आपण जिभेने टॉक् असा आवाज काढतो ना त्याच्या आधीच्या क्षणी जीभ जशी चिकटलेली असते तशी, आणि तिथे दाबून धरून मग सोडायची, हेही २० वेळा. तिसरा बऱ्याच जणांना जमत नाही, टोक खालच्या पुढच्या दातांना टेकलेलं ठेवायचं आणि जिभेचा मागचा भाग खाली, तोंडाच्या तळाकडे दाबायचा. आरशात बघितलं तर मागची पडजीभ दिसायला लागते, दिसली की जमलं समजा. हेही २०.

चौथा माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे. तोंड मोठं उघडून 'आ' म्हणायचं, पण लांबवायचं नाही, तोडून तोडून, आ, आ, आ, आणि दर वेळी टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ वर उचलली जातेय का ते आरशात टॉर्च मारून बघायचं. पुष्कळ लोक जोरात ओरडतात आणि टाळू जागचा हलत नाही, त्याचा उपयोग शून्य. आवाज हळू चालेल, पडजीभ वर गेली पाहिजे. २० वेळा. काही दिवसांनी आवाज न काढताही टाळू उचलता येतो, तो दिवस आला की पेशंटच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते बघायला मला फार आवडतं.

पाचवा गालाचा, हात धुवून एक बोट गालाच्या आतून लावायचं आणि बाहेर दाबायचं, आणि गालाने त्या बोटाला आत ढकलायचं. दोन्ही बाजूंना १०-१० वेळा. आणि सहावा वेगळा बसून करायचा नाहीच, तो जेवतानाचा आहे. घास दोन्ही बाजूंनी आलटून पालटून चावायचा, आणि गिळताना दात मिटलेले, जीभ टाळूला, ओठ आणि ओठांभोवतालचे स्नायू ढिले. खूप जण गिळताना ओठ घट्ट आवळतात, हनुवटीवर खळगे पडतात, ते टाळायचं. घाईत मोबाईल बघत जेवणाऱ्याला हे जमणार नाही हे आधीच सांगते.

एवढ्याला साधारण ८ मिनिटं लागतात आणि दिवसातून तीनदा करायचं. साओ पाउलोलाच २०१५ मध्ये ३९ घोरणारे लोक घेऊन त्यातल्या साधारण निम्म्यांना हे सहा व्यायाम देऊन बघितले, झोपेत घोरण्याचं रेकॉर्डिंग मोजलं, तीन महिन्यांत व्यायामवाल्यांच्या घोरण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी आणि आवाजाची एकूण ताकद ५९ टक्क्यांनी कमी झाली. हे लोक नुसते घोरणारे किंवा सौम्य-मध्यम अॅप्नियावाले होते, म्हणजे तुमच्याच गटातले.

फुगा फुगवण्याचाही एक व्यायाम २००९ च्या अभ्यासात होता, नाकाने लांब श्वास घ्यायचा आणि फुगा तोंडातून न काढता पाच वेळा जोरात फुंकायचा. चक्कर आली तर थांबायचं. सकाळी ब्रश करून झाला की, दुपारी जेवणानंतर ऑफिसच्या वॉशरूममध्ये, आणि रात्री झोपायच्या आधी, अशा वेळा ठरवून टाका. जबड्यात कटकट आवाज होऊन दुखत असेल तर मात्र आधी डेंटिस्टला दाखवा.

प्रश्न : माझा एएचआय ४६ होता, सीपॅप वापरतो. काही आठवड्यांपासून व्यायाम सुरू केलेत, बायको म्हणते घोरणं जवळजवळ बंद झालं. आता मशिन कपाटात ठेवू का?
– एक निवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : नाही काका. कृपा करून नाही.

घोरणं म्हणजे अरुंद रस्त्यातून हवा जाताना टाळू थरथरण्याचा आवाज. तो कमी झाला म्हणजे थरथर कमी झाली, एवढंच कळतं. श्वास थांबतो तेव्हा तर आवाजच नसतो. त्यामुळे घोरणं कमी आणि श्वास अडकणं तसंच, असं होऊ शकतं, आणि काकूंना शेजारी झोपून ते कळणार नाही, त्या बिचाऱ्या आता कुठे शांत झोपायला लागल्या असतील. शिवाय मशिन चालू असताना घोरणं बंद असणं हे मशिनचं काम आहे, तुम्ही मशिन काढून झोपून बघितलंय का तेही लिहिलेलं नाही.

४६ हा तीव्र आकडा आहे. समजा व्यायामाने अगदी निम्म्यावर आला तरी २३ राहतात, तेही मध्यमच. आणि वर सांगितलेले साओ पाउलोचे दोन्ही अभ्यास तुमच्यासारख्या तीव्र पेशंटवर झालेलेच नाहीत. तेव्हा व्यायाम बंद करू नका, चालू ठेवा, ब्राझीलमधल्याच एका अभ्यासात सीपॅप आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्या गटात मशिन नियमित वापरणारे लोक नुसतं मशिन दिलेल्या गटापेक्षा जास्त निघाले, म्हणजे व्यायाम मशिनच्या जोडीला चांगले आहेत. मशिनच्या कार्डमध्ये रोजचा उरलेला एएचआय आणि मास्कची गळती नोंदलेली असते, ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. वजन बरंच उतरलं असेल तर प्रेशर कमी करता येतं, परत टेस्ट करून मशिन लागतंय का तेही ठरवता येतं. पण ते टेस्टवर ठरवायचं, आवाजावर नाही.

प्रश्न : आमच्याकडे देवळात रोज शंख वाजवतात. वर्तमानपत्रात वाचलं की शंख फुंकल्याने स्लीप अॅप्निया बरा होतो. मी बासरीही शिकतो. आणि योगवर्गाच्या ताई म्हणतात ओंकार आणि भ्रामरी पुरे. यातलं काय खरं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शंखाची बातमी खरी आहे, मथळा जरा जास्त होता. जयपूरच्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम अॅप्निया असलेले ३० जण घेतले, १६ जणांना शंख फुंकायला शिकवलं, १४ जणांना दीर्घ श्वास. आठवड्यातून पाच दिवस, निदान १५ मिनिटं, सहा महिने. शंखवाल्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी कमी झाली, आणि दीर्घ श्वासवाल्यांच्या तुलनेत श्वास अडकण्याचे प्रसंग तासाला सरासरी चार-पाच कमी भरले. छोटा अभ्यास आहे, करणारे स्वतःच म्हणतात की मोठा करायला हवा, पण आपल्या घरातल्या वस्तूवर कुणीतरी रीतसर मोजमाप केलं याचं मला कौतुक वाटतं.

याच्या आधी असाच प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला होता, डिजरीडू नावाच्या वाद्यावर. हे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं लांब लाकडी नळीचं वाद्य, ते वाजवताना गालात हवा साठवून ती बाहेर सोडता सोडताच नाकाने श्वास आत घेतात, म्हणजे सूर तुटतच नाही. आपले पुंगीवाले असंच करतात. २००६ मध्ये २५ जणांवर चार महिने तो प्रयोग झाला, आठवड्याचे जवळपास सहा दिवस, रोज सरासरी २५ मिनिटं वादन. एएचआयही उतरला, दिवसाची झोपही कमी झाली, आणि शेजारी झोपणाऱ्याची झोप सुधारली हेही त्यांनी मोजलं, जे मला फार आवडलं कारण या आजाराचा अर्धा त्रास शेजारचा माणूस काढत असतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत वादकांपैकी दुहेरी पत्तीची वाद्यं वाजवणाऱ्यांना अॅप्नियाचा धोका कमी दिसला. आपली सनई पत्तीचीच, तिलाही जोर लावून फुंकावं लागतं.

मुद्दा असा की अडथळ्याविरुद्ध जोर लावून, घसा उघडा ठेवून फुंकावं लागतं तेव्हा ते स्नायू कामाला लागतात. बासरीत हवा मोकळी जाते, तितका अडथळा नसतो, त्यामुळे बासरी आनंदासाठी जरूर शिका, पण उपचार म्हणून तिच्यावर भिस्त नको.

ओंकार आणि भ्रामरीबद्दल. भ्रामरीत जो गुंजारव करतो त्याने नाकात आणि सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू खूप वाढतो, हे स्वीडनमध्ये २००२ साली मोजलेलं आहे, शांत श्वासापेक्षा गुणगुणताना १५ पट. नाकाच्या तक्रारी असलेल्यांना मी भ्रामरी करायला सांगतेच, मनही शांत होतं. पण तोंड मिटून गुणगुणताना जीभ आणि टाळूला जोर लावावा लागत नाही, म्हणून ती वर सांगितलेल्या व्यायामांची जागा घेणार नाही. सुटे स्वर मोठ्याने म्हणणं मात्र बरंच जवळ जातं. इंग्लंडमध्ये एक्सेटरला घोरणाऱ्यांना तीन महिने गाण्याचे व्यायाम देऊन बघितले होते, त्यांचंही घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली. योगवर्गात सिंहमुद्रा घेत असतील तर ती चांगली, जीभ पूर्ण बाहेर काढून आवाज करत श्वास सोडतात त्यात जीभ आणि घसा दोन्ही कामाला लागतात.

शंखाबद्दल एक काळजी. बीपी कंट्रोलमध्ये नसेल, हर्निया असेल, काचबिंदू असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर जोर लावून फुंकू नका, डॉक्टरांना विचारूनच. आणि देवळातला शंख सगळे जण तोंडाला लावतात, तुमचा तुम्ही वेगळा ठेवा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे, रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, उशी लाळेने भिजते, कधी कधी अंथरूण ओलं करतो. शाळेतून तक्रार येते की लक्ष नसतं. त्याला हे व्यायाम शिकवू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : आधी ईएनटी डॉक्टर, मग व्यायाम, हा क्रम मोडू नका. या वयात अशी लक्षणं असतील तर बहुतेक वेळा नाकामागच्या अॅडिनॉइडच्या गाठी आणि टॉन्सिल वाढलेल्या असतात आणि रस्ता त्यांनीच अडवलेला असतो. गाठ अडवून बसलीय तिथे जिभेला कितीही व्यायाम द्या, काय होणार? मुलांचा अॅप्निया मोठ्यांसारखा दिसतही नाही, मोठा माणूस दिवसा पेंगतो आणि मूल उलट चळवळं होतं, लक्ष लागत नाही, चिडतं, म्हणून शाळेत त्याला खोडकर किंवा ढ ठरवून मोकळे होतात. तुम्ही तक्रारीवरून त्याला रागावत असाल तर तेवढं थांबवा, त्याचं झोपेचं खोबरं झालेलं असतं.

मुलांमध्ये एएचआय १ च्या वर गेला तरी डॉक्टर लक्ष घालतात, मोठ्यांचे आकडे त्यांना लावू नका. गाठी काढायची वेळ आली तर त्यानंतर मात्र व्यायामाचं महत्त्व खूप आहे. रस्ता मोकळा झाला तरी तोंडाने श्वास घ्यायची सवय तशीच राहते, जीभ खाली लोळत राहते, वरचा जबडा अरुंदच राहतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या क्रिस्टियन गिलमिनो यांनी, ज्यांनी या आजाराच्या संशोधनात उभं आयुष्य घातलं, २०१३ मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर व्यायाम न केलेल्या मुलांमध्ये काही वर्षांनी त्रास परत आला, आणि केलेल्यांमध्ये तो आला नाही. मुलं थोडीच होती त्या अभ्यासात, पण मी जे रोज बघते त्याच्याशी हे जुळतं. मुलांना आकडे मोजायला लावू नका, जीभ टाळूला चिकटवून टॉक् टॉक् घोडा पळवायचा, स्ट्रॉने कागदाचे कपटे ओढून उचलायचे, ओठ मिटून नाकाने श्वास घेत चित्र रंगवायचं, असं करून घ्या. सर्दी-अॅलर्जी कायम असेल तर तिचा उपचार सोबत हवाच.

प्रश्न : मी ट्रक चालवतो. जेवण झालं की पेंग येते, परवा हायवेवर क्षणभर डोळा लागला. घोरतो पण भरपूर. टेस्टचा खर्च जास्त आहे म्हणून आधी व्यायाम करून बघू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मी सगळ्यात आधी तुमचं उत्तर लिहायला घेतलं. व्यायामाचा फरक दिसायला तीन महिने जातात आणि तुमच्याकडे एवढा वेळ नाही. टेस्ट होऊन उपचार सुरू होईपर्यंत रात्रीची गाडी आणि लांबची फेरी घेऊ नका, मालकाला स्पष्ट सांगा. पेंग आली की गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोपा, चहा-तंबाखूवर रेटू नका.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या पुरुषांची पाहणी केली होती, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १९.५ टक्के जणांमध्ये झोपेत श्वासाचा बिघाड सापडला, आणि ७.५ टक्के जणांना सोबत दिवसाची पेंगही होती. म्हणजे तुमच्या धाब्यावर जेवणाऱ्या दहा-पंधरा ड्रायव्हरांत एखादा तरी असू शकतो. शर्टाच्या कॉलरचं माप ४० सेंटीमीटरच्या वर असेल, बीपी असेल, घरचे श्वास थांबतो म्हणत असतील तर शक्यता फार वाढते. खर्चाचं म्हणाल तर पूर्ण रात्र हॉस्पिटलात राहूनच टेस्ट करावी लागते असं नाही, घरी बोटाला, नाकाला आणि छातीला सेन्सर लावून होणारी टेस्ट स्वस्त पडते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या छातीविकार विभागात विचारा. व्यायाम आजपासून सुरू करा, मी नको म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर स्टिअरिंग हातात घेऊ नका.

प्रश्न : रात्री ओठांना टेप लावून झोपायचं म्हणतात, नाकाने श्वास घ्यायची सवय लागते. लावू का? इथे सगळे लावतात.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मला हे अजिबात पटत नाही. तोंड उघडं राहतं ते बऱ्याचदा नाक पुरत नाही म्हणून, आणि तोच एक मोकळा रस्ता तुम्ही चिकटवून टाकताय. नाक चोंदलेलं असेल, अॅप्निया असेल, रात्री पोटातलं आंबट वर येत असेल किंवा झोपताना वाईन घेतली असेल तर हे धोक्याचं आहे. ओठ मिटायची ताकद वाढवायचे व्यायाम आहेत, दिवसा जीभ टाळूला आणि ओठ मिटलेले ठेवायची सवय लावता येते, ती रात्री हळूहळू उतरते. नाकाचं हाड वाकडं असेल तर ते आधी बघून घ्या.

प्रश्न : हे शिकवणारं कुठे भेटेल, आणि जन्मभर करावं लागतं का?
– अनेक वाचक

उत्तर : याला मायोफंक्शनल थेरपी म्हणतात. आपल्याकडे हे स्पीच थेरपिस्ट करून घेतात, काही डेंटिस्ट आणि फिजिओथेरपिस्टही शिकलेले आहेत. सगळ्याच स्पीच थेरपिस्टना याचा अनुभव असतो असं नाही, त्यामुळे फोन करतानाच विचारा की अॅप्नियाचे पेशंट घेता का. मुंबईत बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी स्पीच थेरपीचे तज्ज्ञ असतात, तिथून योग्य माणसाकडे पाठवलं जाऊ शकतं. गावात कुणीच नसेल तर व्हिडिओ कॉलवरही काम होतं, फक्त कॅमेऱ्यासमोर टॉर्च धरायला घरातलं कुणीतरी हवं.

पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बघणारं पाहिजे. एकट्याने सुरू करणारे बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडतात कारण फरक दिसत नाही आणि कंटाळा येतो, हे मी अगदी मनावर घेऊन सांगतेय, कारण चांगला उपाय असा हातचा जाताना बघवत नाही. नवरा-बायकोने आरशासमोर उभं राहून दोघांनी केला तर टिकतो, शेजारी झोपणाऱ्याचाही फायदा त्यात आहेच. तीन महिन्यांनंतर रोज तीनदा नाही केलं तरी चालतं, पण पूर्ण सोडलं तर स्नायू परत ढिले पडणार, म्हणून दिवसातून एकदा तरी चालू ठेवायचं, आणि चावण्या-गिळण्याची पद्धत तर कायमचीच बदलायची.

वजन वाढलेलं असेल तर त्याकडेही बघा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत वजन दहा टक्के उतरलेल्यांचा एएचआय साधारण चतुर्थांशाने कमी झालेला दिसला होता. झोपेच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यातल्या काही घशाचे स्नायू आणखी ढिले करतात.

आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट कराल तेव्हा शक्यतो पहिल्यासारख्याच टेस्टच्या मशिनवर, त्याच प्रकारची करा, आणि जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या. बऱ्याच रिपोर्टांत पाठीवर झोपल्यावरचा आणि कुशीवरचा एएचआय वेगवेगळा लिहिलेला असतो, तसा असेल तर नुसता वरचा मोठा आकडा न बघता ते दोन्ही जुन्या आकड्यांशेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा.